छताला भोक पाडून बघू का?

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या मधल्या पॅसेजमध्ये पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिथे पिवळट-तपकिरी डाग पडलाय. दोनदा रंग मारून घेतला, पण डाग पुन्हा वर येतो. प्लंबर म्हणतो, सीलिंग फोडून बघावं लागेल. सीलिंगवाला म्हणतो, फोडलंत तर सगळंच नवं करावं लागेल. वरचे शेजारी म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे. एखादं लहान भोक पाडून आत बघता येतं का? कुठे पाडायचं, केवढं पाडायचं आणि नंतर दिसू नये असं बुजवायचं कसं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बघता येतं आणि बघाच. तिसऱ्यांदा रंगाचा डबा आणण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. सगळं नवं करायचा सल्ला देणाऱ्या सीलिंगवाल्यावर रागावू नका. त्याला पैसे चौरस फुटावर मिळतात. वीतभर तुकड्यासाठी घोडा, बादली आणि दोन माणसं घेऊन येणं त्याला परवडत नाही. पण त्याची अडचण म्हणजे तुमच्या सीलिंगची अडचण नव्हे. नीट कापलेलं भोक नीट बुजवता येतं. हातोडी मारून पाडलेलं खिंडार मात्र खरोखरच आजूबाजूचं दोन-चार फूट घेऊन जातं.

आधी तुमचं सीलिंग कशाचं आहे ते पाहा. लोक सरसकट पीओपी म्हणतात, पण प्रकार निदान दोन असतात. एका प्रकारात पत्र्याच्या चॅनलवर जाळी बांधून तिच्यावर ओलं पीओपी थापलेलं असतं, किंवा जागेवर ओतलेले पीओपीचे पातळ पाट वर टांगलेले असतात. त्या पाटांत ताकदीसाठी नारळाचा काथ्या घातलेला असतो. दुसरा प्रकार जिप्सम बोर्डचा. दोन्ही बाजूंना कागद आणि मधे जिप्सम असे हे तयार फळे साधारण साडेबारा मिलिमीटर जाड असतात आणि स्क्रूने चॅनलला जोडलेले असतात. ओळखायला एक छोटं, जोरदार लोहचुंबक पुरतं. ते सीलिंगवरून हळूहळू सरकवत न्या. ओळीत ठरावीक अंतरावर चिकटलं तर खाली बोर्ड आहे आणि तिथे चॅनल किंवा स्क्रू आहेत. सगळीकडे थोडं थोडं ओढलं गेलं तर जाळी आहे. कुठेच दाद दिली नाही तर बहुधा काथ्याचे पाट आहेत. चॅनल सापडले की पेन्सिलीने खुणा करून ठेवा, कारण भोक दोन चॅनलच्या मधे पाडायचं आहे. बोर्डच्या कामात हे चॅनल साधारण दीड-दीड फुटावर असतात.

सीलिंग फुगून खाली आलंय का, तेही करवत हातात घेण्याआधी बघून घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन 10 किलो होतं. तेवढा बोर्ड स्वतः जेमतेम 8 ते 10 किलोंचा असतो. म्हणजे पाणी बोटाएवढं साचलं तरी टांगणीवरचा भार दुप्पट होतो. असा फुगवटा असेल तर खाली बादली ठेवा, त्या भागाच्या विजेचा एमसीबी बंद करा, बाजूला उभं राहून फुगवट्याच्या सर्वांत खोल जागी स्क्रूड्रायव्हरने टोचा आणि पाणी काढून टाका. त्या दिवशी एवढंच. फुगवटा नसला तरी एमसीबी बंदच ठेवायचा आणि टेस्टरने खात्री करायची. फॉल्स सीलिंगवर वायरी कशा टाकलेल्या असतात हे वायरमनलाही नेहमी आठवत नाही. काही पाइपात असतात, काही नुसत्या पसरलेल्या.

आता भोक कुठे, हा प्रश्न. बहुतेक जण डागाच्या मधोमध करवत घालतात. पण वरच्या स्लॅबमधून आलेला थेंब सरळ खाली पडेलच असं नाही. तो स्लॅबच्या पोटाला चिकटून, पाइपच्या अंगावरून किंवा वायरीच्या नळीवरून वाहत जातो, एखाद्या टांगणीवरून खाली उतरतो आणि सीलिंगवर जिथे उतार असेल तिथे साचतो. पॅसेजमधल्या डागाचा उगम शेजारच्या बाथरूमच्या वर असू शकतो. म्हणून वरच्या घराचा नकाशा डोळ्यासमोर आणा. तुमच्या पॅसेजच्या वर किंवा लगत त्यांचं बाथरूम, संडास, किचनचा ओटा किंवा एसीचा पाइप आहे का? डाग आणि ती जागा यांच्या मधल्या रेषेवर, पण डागाच्या कडेला कोरड्या भागात पहिलं भोक घ्या. ओलं पीओपी कापताना चुरगळतं आणि कडा राहत नाहीत. कोरड्या भागातली कड स्वच्छ येते आणि बुजवताना तिचाच आधार मिळतो.

पहिलं भोक 10-12 मिलिमीटरचंच असू द्या. ड्रिलने पाडलेल्या या भोकातून फोनला जोडायचा तारेसारखा कॅमेरा आत जातो. असा कॅमेरा आता बाजारात स्वस्तात मिळतो आणि कित्येकदा त्यानेच निकाल लागतो. त्यात काही दिसलं, पण कळलं नाही, तरच मोठं भोक पाडायचं. ते हात आणि डोकावण्यापुरता आरसा आत जाईल एवढं हवं, म्हणजे 8 इंचांचा चौकोन. याहून लहान चौकोनातून नीट दिसत नाही आणि बुजवायचे कष्ट तेवढेच पडतात.

कापायला टोकदार हातकरवत घ्या. ग्राइंडर अजिबात नको. तो दोन मिनिटांत सगळ्या घरात पांढरी धूळ करतो आणि वर काय आहे ते न बघता वायर, पाण्याचा पाइप किंवा चॅनल कापून मोकळा होतो. पेन्सिलीने चौकोन आखा, कडेने कटरची धार फिरवा म्हणजे रंगाचे पापुद्रे उडणार नाहीत, आणि मग करवत थोडी तिरपी धरून कापा. तुकड्याची खालची बाजू मोठी आणि वरची किंचित लहान व्हायला हवी. तोच तुकडा परत लावताना तो वर निसटत नाही. कापण्याआधी तुकड्यावर आणि सीलिंगवर मिळून एक बाण काढून ठेवा, नाहीतर चारही बाजू सारख्याच दिसतात. जाळीचं सीलिंग असेल तर प्लास्टर पटाशीने हळूहळू काढून जाळी पत्रा कापायच्या कात्रीने कापायची. त्यातही एक बाजू जोडलेली ठेवून जाळी दारासारखी खाली वाकवली तर परत वळवून बसवता येते. चष्मा आणि मास्क घाला, कारण वर तोंड करून केलेल्या कामात सगळा चुरा डोळ्यातच येतो. वर सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे असतील, म्हणजे शेवटच्या मजल्यावर किंवा बैठ्या घरात, तर त्यांना करवत किंवा ड्रिल लावू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं.

भोक पडलं की टॉर्च लावून आधी स्लॅबचं पोट बघा. पांढरे मिठासारखे थर किंवा लोंबणाऱ्या पांढऱ्या कांड्या दिसल्या तर पाणी काँक्रीटमधून बरेच दिवस पाझरत आहे. त्यातला चुना पाण्याबरोबर बाहेर येऊन हवेत घट्ट होतो. तांबडे गंजाचे ओघळ असतील तर सळईपर्यंत पाणी पोहोचलंय. स्लॅब कोरडा आणि पाइपचा सांधा ओला असेल तर तुमचं नशीब चांगलं. स्लॅबही कोरडा, पाइपही कोरडा आणि एसीच्या थंड पाइपवर घाम दिसला तर वरच्या शेजाऱ्यांची माफी मागायला हरकत नाही.

वेळेचीही नोंद ठेवा. रात्रंदिवस सारखा थेंब पडत असेल तर भरलेल्या पाण्याची लाइन फुटलीय. सकाळी आंघोळीच्या वेळीच पडत असेल तर नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. फक्त पावसात पडत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. शेजाऱ्यांची तयारी असेल तर त्यांच्या बाथरूमचा ट्रॅप बोळा घालून बंद करायचा, फरशीवर दोन-तीन इंच पाणी भरून त्यात रंग टाकायचा आणि चोवीस तास थांबायचं. तुमच्या भोकातून रंगीत थेंब आला की वाद संपतो. न आल्यास घाईने निष्कर्ष काढू नका. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन तो खड्डा विटांच्या कोब्याने भरलेला असतो, आणि त्या भरावात पाणी आठवडाभरही मुरून राहतं. वरची फरशी ठणठणीत कोरडी आणि खाली गळती असं त्यामुळेच होतं. तुमचे शेजारी खोटं बोलत नसावेत.

भोक पाडताना सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलवा आणि आतले फोटो तारखेसह काढून ठेवा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने करायची असते, आणि सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूमची ज्याने त्याने. नुसत्या डागावरून हे ठरत नाही, आतल्या फोटोवरून ठरू शकतं.

भोक उघडंच आहे तर आणखी एक गोष्ट बघून घ्या. तुमचं सीलिंग कशाला टांगलंय? लंडनच्या अपोलो नाट्यगृहात 19 डिसेंबर 2013 रोजी सातशेच्या आसपास प्रेक्षक बसलेले असताना प्लास्टरच्या छताचा मोठा भाग कोसळला. सुमारे 80 जण जखमी झाले, सुदैवाने कोणी दगावलं नाही. नाट्यगृह 1901 सालचं. छताला वरच्या लाकडी सांगाड्याशी बांधून ठेवणारे तागाच्या कापडाचे आणि प्लास्टरचे बंध जुने होऊन कमजोर झाले होते, असं चौकशीत निघालं. खालून कोणाला काही दिसलं नव्हतं. त्यानंतर तिथल्या जुन्या नाट्यगृहांच्या छतांची वर जाऊन, बंधांपाशी तपासणी करण्यावर भर आला. तुमचं पॅसेजचं सीलिंग काही तेवढं जड नाही. पण गळती वर्षभर चालू असेल तर टांगणीच्या पट्ट्या, तारा आणि स्लॅबमध्ये ठोकलेले फास्टनर गंजलेले असू शकतात. हाताने हलवून बघा. गंजाचा पापुद्रा सुटला तर ती टांगणी बदला, आणि त्या वेळी मात्र सीलिंगवाल्याचं थोडं ऐका.

आता बुजवणं. गळती बंद झाल्याशिवाय आणि जागा वाळल्याशिवाय भोक बुजवू नका. तुमचा डाग दोनदा परत आला त्याचं कारणच ते. वाळलंय की नाही हे डोळ्यांना कळत नाही. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने सीलिंगला लावा आणि एक दिवस ठेवा. आतून दव धरलं तर अजून थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये हे थांबणं महिन्यावर जाऊ शकतं. पाहुणे येणार असतील तर भोकावर पुठ्ठा लावा, पण पुट्टी लावू नका.

ड्रिलचं छोटं भोक भरायला काही विशेष लागत नाही. धूळ झटका, कडा ओल्या करा, पीओपी दाबून भरा. आठ इंची चौकोनाला पाठीमागून आधार हवा. चौकोनापेक्षा चार इंच लांब अशा दोन लाकडी पट्ट्या किंवा चॅनलचे तुकडे भोकातून आत सरकवा, दोन बाजूंना आडव्या धरा आणि शाबूत सीलिंगमधून खालून स्क्रू मारून पक्क्या करा. मग कापलेला तुकडा बाणाची खूण जुळवून त्या पट्ट्यांवर स्क्रूने बसवा. तो भिजून भुसभुशीत झाला असेल तर त्याच जाडीचा नवा तुकडा घ्या. स्क्रू जस्ताचा मुलामा दिलेले किंवा बोर्डसाठी मिळणारे काळे घ्या. साधा लोखंडी खिळा ओलसर जिप्सममध्ये गंजतो आणि वर्षभरात रंगातून तपकिरी ठिपका डोकावतो.

पीओपी कालवताना आधी पाणी घ्या आणि त्यावर भुकटी भुरभुरवा. भुकटीवर पाणी ओतलं की गुठळ्या होतात. भांडं दरवेळी स्वच्छ धुतलेलं हवं, कारण आधीच्या खेपेचे घट्ट झालेले कण उरले तर नवा माल हातातच बसतो. जिप्समच्या तयार स्फटिकांभोवती नवे स्फटिक भराभर वाढतात. बसायला लागलेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा सैल करू नका. तसा माल वाळल्यावर खडूसारखा निघतो. कडा ओल्या करायला सांगितलं त्यालाही कारण आहे. जुनं कोरडं प्लास्टर नव्यातलं पाणी शोषून घेतं आणि सांध्यावर नुसती पूड उरते. ताकद यावी म्हणून पीओपीत सिमेंट मिसळणारे कारागीर भेटतात. त्यांना हात जोडा. ओल लागली की या दोघांच्या संयोगातून फुगणारे स्फटिक तयार होतात आणि पॅच तडकतो.

सांध्यावर जाळीची टेप लावा, वर तीन पातळ हात द्या, आणि प्रत्येक हात आधीच्यापेक्षा दोन-तीन इंच रुंद. एकच जाड थर दिला तर तो आक्रसून मधे खळगा पडतो. पॉलिश पेपर मारताना बल्ब सीलिंगला लागून आडवा धरा. समोरून मारलेल्या उजेडात सगळं सपाट दिसतं आणि मग संध्याकाळी कोव्हमधले एलईडी लागले की पॅचचा उंचवटा सावलीसकट दिसायला लागतो. रंगाआधी डागावर ऑइल बेस प्रायमर लावा. साधा इमल्शन पाण्याचा असतो. तो डागातला तपकिरी अंश विरघळवून वर आणतो. शेवटचा हात फक्त पॅचवर न मारता भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण पॅसेजला मारा.

एवढं सगळं सांगितल्यावर माझं मत विचाराल, तर वर बाथरूम असेल तिथे भोक बुजवूच नका. अॅल्युमिनियमच्या चौकटीचं ट्रॅप डोअर बाजारात तयार मिळतं, एक फूट चौरसापासून दोन फुटांपर्यंत. कापलेला चौकोन तेवढा मोठा करून त्यात ते बसवून टाका आणि सीलिंगच्या रंगात रंगवा. चार महिन्यांनी कोणाच्या लक्षातही येत नाही. खरं तर इंटिरियरवाल्यांनी ते पहिल्या दिवशीच द्यायला हवं, पण सलग सपाट सीलिंगच्या फोटोत ते खुपतं.

प्रश्न : भिजलेलं पीओपी वाळल्यावर पुन्हा पहिल्यासारखं घट्ट होतं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : थोडंफार होतं, पण त्याचा भरवसा नाही. खाणीतलं जिप्सम, आपल्याकडे ते मुख्यतः राजस्थानातून येतं, साधारण 150 अंश सेल्सियसला भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि पीओपीची भुकटी उरते. पाणी घातलं की ती पुन्हा जिप्सम होते. तेव्हा गरम होते आणि किंचित फुगते. सुईसारखे स्फटिक एकमेकांत अडकतात, तीच त्याची ताकद. पण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला दोन-अडीच ग्रॅम. पाणी एकदाच लागून वाळलं तर फारसं बिघडत नाही. रोज ओघळ येत राहिला तर स्फटिकांचे सांधेच झिजत जातात आणि ते परत जुळत नाहीत. बोर्डाचा कागद सुटला असेल, बुरशी धरली असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडत असेल, तर तेवढा भाग कापून काढा. एकदा झोल आलेला बोर्ड वाळल्यावर झोलासकटच कडक होतो.

प्रश्न : आमची इमारत जुनी आहे. फॉल्स सीलिंग नाही. स्लॅबचंच सिमेंट प्लास्टर एका जागी फुगलंय. तिथे भोक पाडून पाहू का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : नको. तुमच्या प्लास्टरच्या वर पोकळी नाही, सरळ काँक्रीट आणि सळई आहे. फुगलेल्या भागाखाली बसणं-झोपणं आजच बंद करा. लांब काठीने हलके ठोकून कुठे कुठे बद आवाज येतो ते खडूने आखून ठेवा. प्लास्टर फुगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आत सळई गंजणं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं आणि तो वरचं काँक्रीट ढकलून काढतो. इंजिनिअर तिथे सैल भाग काढून ताज्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारतात. गुलाबी रंग आला तर काँक्रीटमध्ये सळईला जपणारा अल्कधर्म शिल्लक आहे. रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो संपवलाय. किती खोलीपर्यंत रंग येत नाही यावर दुरुस्ती ठरते, आणि फक्त प्लास्टर चोपडायचं की सळईला जोड द्यायचा हे सळई किती झिजलीय यावर. मुंबईत 30 वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तुमच्या इमारतीचा अहवाल मालकाकडे किंवा सोसायटीकडे लेखी मागा, आणि नसेल तर गवंड्याला बोलवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.